दोन इंच उंच

आप्पासाहेबांनी गाडीचे टायर बदलले तेव्हा वरकुट्यात तो चार दिवस बोलण्याचा विषय झाला. गाडी म्हणजे पेरूचे क्रेट वाहणारा सहाचाकी लहान ट्रक. आदल्या पावसाळ्यात तो त्यांच्याच बागेत, काळ्या रानात, पोटापर्यंत बसला होता. पुढं ट्रॅक्टर, मागं माणसांचे खांदे, आणि हौद्यात तोडलेला माल. गाडी निघेपर्यंत पेरू पिवळे पडले, आणि पुण्याच्या व्यापाऱ्यानं फोनवर जी भाषा काढली ती आप्पासाहेबांनी घरात कुणाला सांगितली नाही. तेव्हापासून त्यांनी एकच धरलं होतं, गाडी उंच पाहिजे. मग भिगवणच्या बाजूनं एका ओळखीच्याकडून त्यांनी मोठ्या मापाचे सहा टायर आणले, जुन्यांच्या शेजारी उभे केले तर चांगले दोन इंच उंच.

"ह्या गाडीचं माप येगळं हाय, आप्पासाहेब," टायरवाला म्हणाला. "बसत्याल, पर इंजनाला जड जात्याल."

"तू बसीव," आप्पासाहेब म्हणाले. "चाक मोठं म्हंजी एका चकरीत वाट जास्त. चकरा कमी, डिझेल कमी. ह्यात इंजनाचा काय संबंध?"

हा हिशेब त्यांना इतका आवडला, की चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या ओट्यावर, जिथं माणूस गाठ पडेल तिथं त्यांनी तो ऐकवला. धाकटा भाऊ दादासो शेजारी उभा राहून मान डोलवायचा. गाडी तोच चालवायचा. आप्पासाहेबांनी बाग आणि व्यवहार बघायचा, दादासोनं स्टेअरिंग धरायचं. वडील गेल्यापासून घर असं चाललं होतं आणि बरं चाललं होतं. प्रयागबाई आणि अनिता या दोघी जावा एका चुलीवर भाकरी थापत. भावकीत कुठं भांडण झालं की लोक ह्या घराकडं बोट दाखवत.

गाडीचं अ‍ॅव्हरेज काढणं हे आप्पासाहेबांचं आवडतं काम. टाकी काठोकाठ भरायची, मीटरचा आकडा डोक्यात ठेवायचा आणि पुढच्या वेळी पंपावर उभ्या उभ्या भागाकार करायचा. लिटरला सात, हे त्यांना स्वतःच्या वयासारखं पाठ होतं. नव्या टायरवर गाडी आठाला टेकेल अशी त्यांची खात्री होती. ती आली सहाच्या जरा वर. त्यांनी पुन्हा भागून बघितलं. पुढच्या वेळीही तेच. गाडीची वाट रोज निराळी, कधी डाळजच्या बागेतून माल उचलायचा, कधी बारामती, कधी पुण्याचं मार्केट यार्ड. त्यामुळं कुठला फेरा किती किलोमीटरचा हे कुणी धरून ठेवलं नव्हतं. मीटर सांगेल ते खरं.

"आप्पा, गाडी जड झालीया," दादासो पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता. "जाग्यावरनं उचलत न्हाय. चढाला गेर खाली घ्यावा लागतो."

"नवं टायर हायती. रुळत्याल."

"जुनं घालून बगू की एकडाव."

"जुनं इकलं म्या," आप्पासाहेब म्हणाले, आणि विषय संपला.

एवढ्यावर ते मिटलंही असतं. पण एका सकाळी पंपावर मोहनराव भेटले. मोहनरावांच्या दोन गाड्या, आणि तोंड चार गाड्यांचं. आप्पासाहेबांनी हिशेब करून कपाळाला आठी घातलेली त्यांनी पाहिली.

"काय आप्पासाहेब, किती देती?"

"सहा."

"सहा?" मोहनराव सगळ्या पंपाला ऐकू जाईल असं म्हणाले. "मग नीट चौकशी करा. डिझेल गाडी पितीया का गाडीवान?"

माणसं हसली. डिझेल सोडणारा पोरगाही हसला. दादासो तेव्हा पुढची काच पुसत होता. त्याचा हात थांबला, आणि त्यानं वळून भावाकडं बघितलं. आप्पासाहेबांनी त्या वेळी मोहनरावांची खरडपट्टी काढायला हवी होती. त्यांनी काय केलं, तर तेही हसले. चारचौघांत हसण्यावारी न्यावं एवढाच त्यांचा हेतू, पण ते हसू दादासोला झोंबलं आणि मोहनरावांच्या बोलण्यातला संशय आप्पासाहेबांच्या मनात तसाच राहिला.

मग त्यांचं लक्ष नको तिथं जायला लागलं. दादासो फेऱ्यावरून आला की ते गाडीभोवती एक चक्कर मारत. टाकीत काठी घालून बघत. जेवताना भावाच्या हाताला डिझेलचा वास येतो का हे बघत. गाडीवाल्याच्या हाताला डिझेलचा वास नाही तर काय अत्तराचा येणार, पण ते सुचायला मन ताळ्यावर लागतं. एके दिवशी इंदापूरहून येताना त्यांनी पितळी कुलूप आणलं आणि टाकीच्या झाकणाला लावलं. किल्ली स्वतःच्या करगोट्याला बांधली.

दादासो तसाच फेऱ्यांना जात राहिला. दुसऱ्यांच्या बागेत क्रेट भरायला गेलं की माणसं त्या कुलपाकडं बघत. डाळजला एका बाईनं विचारलंच, "का वं भाऊ, टाकीला कुलूप? चोर लागल्यात व्हय रस्त्याला?" दादासो क्रेट उचलत राहिला. त्याच्या पाठीत दिवाळीपासून उसण होती. त्या दिवशी त्यानं हमालाला हात लावू दिला नाही, सगळी गाडी एकट्यानं भरली. रात्री अनिता तेल लावायला बसली तर पाठीला हात टेकवू देईना.

"बोला की आप्पांस्नी," अनिता म्हणाली.

"काय बोलू? कुलूप काढा म्हनू? म्हंजी ते म्हनत्याल, का रं, तुला का टोचतंय?"

कुलूप लावूनही गाडी सहाच देत राहिली. शहाण्या माणसानं इथं थांबून विचार केला असता. आप्पासाहेबांनी उलटाच विचार केला: म्हणजे ह्यानं दुसरी किल्ली करून घेतली. त्यांना झोप येईना. आईच्या पाठीमागं ज्याला कडेवर घेऊन फिरवलं, ज्याच्या लग्नात स्वतःची अंगठी मोडली, तो भाऊ आपल्या ताटातलं चोरतोय, हे त्यांना सहन होत नव्हतं. आणि ते खोटं असेल तर आपण काय करून बसलोय, हे त्याहून सहन होत नव्हतं. दोन्हींपैकी पहिलं सोपं होतं.

गोठ्यामागं त्यांना पाच लिटरचा कॅन सापडला. तळाला बोटभर डिझेल. तो हातात धरून ते स्वयंपाकघराच्या दारात आले. प्रयागबाई परातीत पीठ मळत होती, अनिता चुलीपुढं होती, दादासो नुकताच तोंड धुऊन टेकला होता.

"हे काय हाय?"

"कॅन," दादासो म्हणाला.

"कुनाचा?"

"आप्पा, तो माझा," अनिता घाईनं म्हणाली. "फवारनीच्या पंपाचं सामान धुवाय ठिवलाय. तुमीच... न्हाय, ह्यांनीच दिलाता मागं, टायर बदलायच्या आदूगर."

"बोलताना अडकलीस का?"

"आवो, काय बोलताय तुमी!" प्रयागबाईनं पिठाचा हात तसाच वर केला. "तिला का मधी घेताय?"

दादासो उठून उभा राहिला. दोघं भाऊ सारख्याच उंचीचे. "आप्पा, मनात हाय ते सरळ बोल. कुलूप लावलंस, म्या बोललो न्हाय. हात हुंगतोस, म्या बोललो न्हाय. आता तोंडानं बोल."

इथून मागं फिरता आलं असतं. पण कॅन हातात होता.

"डिझेल इकतोस का न्हाय?"

अनितानं तव्यावरची भाकरी उलटली नाही. जळल्याचा वास सुटला.

"इकत न्हाय," दादासो म्हणाला. "पर माझ्या न्हाय म्हनन्यानं तुझं भागायचं न्हाय. उद्या नरसिंहपूरला चल. पानी सोडतो."

त्यांच्या भावकीत ही जुनी रीत होती. घरातल्या घरात आळ आला, की नरसिंहपूरला संगमात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, ओंजळ भरायची, बोलायचं आणि पाणी सोडायचं. पाणी पडलं की आळ संपला; पुन्हा त्यावर कुणी अवाक्षर काढायचं नाही. आणि ओंजळ धरून जे बोललं ते मागं घेता येत नाही. म्हणून माणसं तिथं जायला भीत, आणि बहुतेक भांडणं घरीच मिटत. प्रयागबाई रडायला लागली. आप्पासाहेब म्हणाले, "चल," आणि कॅन तिथंच ठेवून बाहेर गेले.

सकाळी साक्षीला भावकीतला म्हातारा गेणबा आला. तो केबिनमध्ये मधे बसला, आप्पासाहेब दाराशी. बायकांना जागा नव्हती. अनिता मागच्या हौद्यात चढली आणि रिकाम्या क्रेटांना धरून उभी राहिली. तिच्या मागं प्रयागबाईही चढली.

"बाबौ, केवढी उंच केलीया गाडी," गेणबा धापा टाकत म्हणाला. "चढाय शिडी पायजे, आप्पा."

दादासोनं गाडी सुरू केली. इंदापूर मागं पडलं. दोन्ही बाजूंना ऊस, मधेच तोड झालेली उघडी रानं, पाचट पेटवल्याचा काळा वास. आप्पासाहेबांना भावाच्या तोंडाकडं बघवेना आणि गेणबाच्या तोंडाकडं बघण्यात अर्थ नव्हता, म्हणून ते मीटरकडं बघत राहिले. तसंही त्यांनी ठरवलं होतं: आज आपण स्वतः गाडीत आहोत, टाकी काल भरलीय, कुलूप आपलं आहे, आज खरं अ‍ॅव्हरेज कळेल. रस्त्याकडेला दगड आला, नरसिंहपूर एकोणतीस. मीटरचा शेवटचा आकडा नेमका तेव्हाच पलटला. त्यांनी तो डोक्यात ठेवला.

दगड येत गेले. काही उसाच्या ट्रॉल्यांनी तुडवून वाकवलेले, काही गवतात बुडालेले. एकोणीसचा दगड आला तेव्हा आप्पासाहेबांनी मीटरकडं बघितलं आणि पुन्हा बघितलं. वाटेनं दहा किलोमीटर झाले होते. मीटरनं नऊ मोजले होते आणि दहावा कुठं अर्धामुर्धा वर येत होता.

'दगड चुकीचा रोवला असंल,' त्यांनी मनाशी म्हटलं. कंत्राटदारांची कामं ती. पण पुढचा दगडही तसाच, त्याच्या पुढचाही. चुकले तर सगळे दगड एकाच मापानं कसे चुकतील? आणि मग त्यांच्या छातीत एकदम उकळी फुटली. सापडला! मीटरला हात लावलाय ह्यानं!

ते तोंड उघडणार, एवढ्यात त्यांच्या ध्यानात आलं, की मीटर मागं पडतंय. डिझेल चोरणारा मीटर पुढं पळवील, म्हणजे अ‍ॅव्हरेज चांगलं दिसेल. स्वतःच्याच गळ्यात फास बसेल असं मीटर मागं कोण ओढील?

कालव्याच्या पुलाचा चढ आला. इंजिन कण्हायला लागलं, पायाखालचा पत्रा थरथरला. दादासोनं गिअर खाली घेतला, तरी गाडी म्हातारं माणूस जिना चढतं तशी चढली. रिकामी गाडी. मागं दोन बायका आणि मोकळे क्रेट.

"लई जोर लावती रं," गेणबा म्हणाला. मग गप्प बसवेना म्हणून आप्पासाहेबांकडं वळला. "आन् आप्पा, तू तर पारावर सांगत हुतास, मोठ्या चाकाला चकरा कमी लागत्यात म्हनून."

"व्हय," आप्पासाहेब म्हणाले.

आणि ते म्हणतानाच त्यांना कळलं. चकरा कमी. मीटर दुसरं काय मोजतं? मीटरला रस्ता दिसत नाही, ते बिचारं चाकाच्या चकरा मोजतं आणि जुन्या चाकाच्या मापानं किलोमीटर सांगतं. चाक मोठं, चकरा कमी, मीटर कमी. गाडी जेवढी पळत होती तेवढी मीटरवर उमटतच नव्हती. अर्धा हिशेब दगडांनी दिला आणि उरलेला त्या चढानं. ज्या शहाणपणाची त्यांनी गावभर दवंडी पिटली, त्याच शहाणपणानं त्यांच्या भावाला चोर केलं होतं.

नऊचा दगड गेला. वीस किलोमीटर झाले, आणि मीटर एकोणिसाव्यातच घुटमळत होतं. आता शंकेला जागा राहिली नाही.

दादासो समोर बघून चालवत होता. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. आप्पासाहेबांना गाडी उभी कर एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. गेणबासमोर कसं म्हणायचं? हा म्हातारा संध्याकाळपर्यंत भावकीभर करील. मोहनरावाला कळेल. पंपावर पुन्हा हसतील, ह्या वेळी मोठ्यानं. मग त्यांच्या मनानं एक वाट काढली, आणि ती वाट त्यांना फार बरी वाटली: दादासो खराच आहे, तर पाणी सोडू दे. खऱ्या माणसाला शपथेनं काय होतंय? आळ फिटेल, रीतीप्रमाणं विषय बंद होईल, आणि पुढच्या महिन्यात टायर खराब निघाले म्हणून आपण गुपचूप बदलून टाकू. कुणाचंच काही जाणार नाही.

नरसिंहपूरला गाडी घाटाच्या वर लावली. देवळात घंटा वाजत होती. खाली भीमा आणि नीरा मिळतात तिथं पाणी संथ, हिरवट होतं. पायऱ्यांवर कुणी परगावचे लोक नारळ सोलत बसले होते. ते बघायला लागले. हौद्यातून उतरलेल्या दोघी बायकांच्या तोंडावर, केसांवर वाटेची राख बसली होती.

दादासोनं मोबाइल आणि खिशातलं किडूकमिडूक अनिताकडं दिलं, चप्पल काढली आणि कपड्यांसकट पाण्यात उतरला. गारठ्यानं त्याचा श्वास अडकलेला वरपर्यंत ऐकू आला. आप्पासाहेब शेवटच्या कोरड्या पायरीवर उभे होते. अजून वेळ आहे, असं त्यांना वाटत होतं. दादासो गुडघ्यापर्यंत गेला तेव्हाही वाटलं, मांडीपर्यंत गेला तेव्हाही.

कमरेएवढ्या पाण्यात तो वळला. ओंजळ भरून छातीसमोर धरली.

"म्या दादासो," तो म्हणाला. "गाडीतल्या डिझेलचा एक थेंब म्या इकला न्हाय, कुनाला दिला न्हाय."

गेणबानं समाधानानं मान हलवली. "सोड पानी, लेकरा. झालं."

दादासोनं सोडलं नाही. बोटांच्या फटींतून थेंब थेंब गळत होते. तो भावाकडं बघत होता.

"आन् आजपासनं त्या गाडीला माझा हात लागनार न्हाय. आप्पाच्या चुलीवरचं म्या आन् माझी बायकू खानार न्हाय."

"दादासो!" आप्पासाहेब ओरडले आणि बुटांसकट पाण्यात धावले. "थांब! थांब रं, पानी सोडू नगंस! तुझं न्हाय, टायरचं हाय ते! मीटर कमी दावतंय, म्या बघितलं, दगडांवरनं बघितलं..."

दादासोनं हात उघडले. पाणी पाण्यात पडलं.

आप्पासाहेब त्याच्यापुढं कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. नारळ सोलणाऱ्यांनी हात थांबवले होते.

"कवा बघितलंस?" दादासोनं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच फार वाईट होतं.

"वाटंत."

"वाटंत कुठं?"

"कालव्याच्या पुलापाशी," आप्पासाहेब म्हणाले. खोटं बोलायचं त्यांच्या मनात आलं होतं, पण जमलं नाही.

"मंग तितनं हितपातूर गप बसलास व्हय?"

दादासो त्यांना वळसा घालून पायऱ्यांवर आला. अनितानं त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला. खिशातल्या वस्तूंमधून तिनं गाडीची किल्ली काढून गेणबाच्या हातात ठेवली. प्रयागबाईनं जावेचा हात धरायला बघितलं. अनितानं तो धरू दिला, दाबला आणि मग हळूच सोडवून घेतला. ती रडत नव्हती. प्रयागबाईच रडत होती.

"तुमी बोलला का न्हाई वो?" ती नवऱ्याला म्हणाली. "बोलला का न्हाई?"

गाडी तिथंच राहिली. आप्पासाहेबांना ती चालवता येत नव्हती, गेणबाला लांबचं दिसत नव्हतं, आणि ज्याला येत होतं त्यानं पाणी सोडलं होतं. पाचही माणसं एसटीच्या थांब्यावर येऊन उभी राहिली, दोघं एका बाजूला, तिघं एका बाजूला. दादासोच्या पँटमधून पाणी ठिबकत होतं. आप्पासाहेबांच्याही. बराच वेळ एसटी आली नाही, आणि ऊन चढत गेलं.

एसटी आली तेव्हा सगळे चढले. कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन मागून पुढं येत होता. यात्रेला, लग्नाला, दवाखान्याला, आजवर घरातली माणसं मिळून कुठंही निघाली की सगळ्यांची तिकिटं दादासोच काढायचा. आप्पासाहेब खिडकीशी बसून बाहेर बघायचे. आजही ते सवयीनं खिडकीशी बसले होते. कंडक्टर दोन बाकं मागं थांबला.

"इंदापूर," दादासोचा आवाज आला. "दोन. एक लेडीज."

"आन् म्होरली? तुमच्याच संगं चढली न्हवं ती?"

"त्यांचं त्यांस्नी इच्यारा."

कंडक्टर पुढं आला आणि आप्पासाहेबांच्या बाकाशी उभा राहिला. आप्पासाहेबांनी ओल्या खिशात हात घातला. पैसे एकमेकांना चिकटले होते. ते सुटे करायला त्यांना वेळ लागला.